फोटोत न आलेली माणसं

९ मार्च. बारावीची प्रात्यक्षिकं आटोपली, म्हणून आज प्रयोगशाळेतलं मागचं कपाट रिकामं करायला घेतलं. कपाट रसायनशास्त्राचं, म्हणजे माझं. आतला माल माझा नाही. आमच्या कॉलेजातले इतिहासाचे सर निवृत्त झाले तेव्हा 'दोन दिवस ठेवा, बाई' म्हणून त्यांनी त्यात सामान भरलं आणि पुढे त्या दोन दिवसांची वर्षं केली. सर जानेवारीत गेले. त्यांच्या पुण्याच्या पुतणीला फोन केला तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बघा काय ते. आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मला कळतं, म्हणून ते माझ्या गळ्यात.

काचेच्या पसरट तबकड्या, फोटो पक्का करायच्या हायपोची बरणी, काळा कापडी बुरखा, आणि जुन्नरच्या सुताराकडून करून घेतलेली सागवानी पेटी. पेटीच्या तोंडाला जुन्या प्रोजेक्टरचं भिंग. ही पेटी म्हणजे त्यांचा कॅमेरा.

सरांच्या उजव्या हाताची बोटं काळी होती. फोटोच्या कागदाला लावायचं सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि धुऊन जात नाही. कातडी झडेल तेव्हाच जातं. मुलांना हे माहीत नव्हतं, त्यांनी मनाने बरंच काही ठरवलं होतं. स्टाफरूममध्ये सर डब्यातली पोळी चमच्याने तोडायचे. ते बघणं हा एक त्रास होता. मी एकदा रबरी हातमोजे आणून दिले. ते म्हणाले, "त्या लोकांनी घातले नव्हते." त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता.

ते लोक म्हणजे फोटोग्राफी नवी होती त्या काळात पेट्या, तंबू आणि बाटल्या खेचरांवर लादून ग्रीसला गेलेले फोटोवाले. पुण्याच्या जुन्या बाजारात सरांना एक फाटका अल्बम मिळाला होता. त्यात अथेन्सची देवळं होती. टेकडीवरचं मोठं देऊळ, उभे खांब, पडलेले खांब, सगळं चहाच्या रंगाचं. सर कधी ग्रीसला गेले नाहीत. त्यांनी पासपोर्टही काढला नव्हता. पण त्या टेकडीवर कोणत्या पायरीला चीर आहे ते त्यांना पाठ होतं. अकरावीच्या वर्गात ते ही चित्रं भिंतीला लावत आणि मुलं खिडकीतून एसटी स्टँडकडे बघत बसत.

"आपल्या लेण्यांत यवनांची नावं कोरली आहेत," ते मुलांना सांगत. "यवन म्हणजे ग्रीक. त्यातल्या एकाने इथे पाण्याची टाकी खोदून दिली. जुन्नरला आलेले पाहुणे होते ते. मग त्यांच्या गावचं देऊळ आपल्या भिंतीवर लावलं तर काय बिघडलं?"

एक मुलगा म्हणाला, "सर, पावणं टाकी देऊन गेलं, पर नळाला पाणी न्हाई."

सर हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नसे असं नाही. चालू वर्गात हसणं म्हणजे हलणं, असं त्यांचं मत असावं.

कारण 'हलू नका' हे त्यांचं नमस्कारासारखं होतं. जिन्यात भेटले तरी म्हणणार, "हलू नका, बाई, एक विचारायचं आहे." आणि दुसरं, 'हलला तो गेला.' त्यांच्या पद्धतीत फोटो डोळ्याचं पातं लवावं तसा निघत नसे. कागदाला चांदीचं द्रावण लावायचं, तो ओलसर असतानाच पेटीत घालायचा, भिंगावरची टोपी काढायची आणि थांबायचं. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात जे जागचं हललं नाही ते कागदावर येतं. जे हललं ते येत नाही. म्हणून त्या अल्बममध्ये अथेन्स ओस दिसतं. शहर भरलेलं होतं, माणसं चालत होती, म्हणूनच ती आली नाहीत.

दरवर्षीच्या स्टाफच्या फोटोत सर श्वास रोखून बसत. फोटोवाला "झालं" म्हणाला तरी सोडत नसत. "एवढ्यात कसं होईल?" असं विचारत. स्वतःच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर त्यांनी जखमेला लावायची पट्टी चिकटवली होती.

चिडलेले मात्र मी त्यांना एकाच विषयावर बघितलं. अल्बममधल्या काही चित्रांत देवळाच्या दाराशी एक उंच, ओबडधोबड बुरूज दिसतो. तो देवळानंतर पुष्कळ शतकांनी बांधलेला. मोठ्या देवळाच्या आत एक लहान मशीदही होती, आसपास लोकांची घरं होती. पुढे विद्वानांनी ठरवलं की टेकडीवर फक्त जुनं ग्रीक तेवढंच शोभतं. घरं काढली, मशीद काढली, शेवटी बुरूजही पाडला. "साफसफाई केली म्हणे!" सर टेबलावर काळं बोट आपटत. "माणसं राहत होती तिथे, बाई! जळण होतं, धुणं होतं. सगळं झाडून टाकलं आणि म्हणाले, बघा किती सुंदर. आता ते कुठे आहे? फक्त या फोटोत."

हे मी निदान वीस वेळा ऐकलं असेल. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, आहुप्याचा रस्ता डोंगराला लागतो त्याच्या अलीकडे, आडबाजूला एक लेणं आहे. खांब चार, त्यांतला एक तुटका. लेख नाही, मूर्ती नाही, म्हणून कुणी बघायला जात नसे. तिथे एक धनगर कुटुंब राहायचं. म्हातारी, तिचा मुलगा, सून, नात आणि मेंढरं. लेण्याच्या आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या ओट्यावर वाघूर लावून मेंढरं. वाघूर म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांना ताणून त्याचं कुंपण करतात. म्हातारीचा सासराही तिथेच राहिला होता.

सरांना ते खांब हवे होते. बाटल्या सांभाळायला मी सोबत गेले, कारण आधीच्या खेपेला त्यांनी एसटीत द्रावण सांडून एका पाव्हण्याचं धोतर काळं केलं होतं.

सरांनी पेटी तिकाटण्यावर बसवली, बुरख्यात डोकं घातलं आणि आतून म्हणाले, "आजी, ती बाज तेवढी बाजूला घेता का?"

म्हातारीने बाज हलवली.

"ते जाळं पण. आणि दोरीवरचं धुणं."

"आन चूल? ती बी उचलू?"

"चूल राहू द्या. ती अंधारात आहे, दिसत नाही."

"बरं झालं बाई, न्हाईतर आज उपास व्हता," म्हातारी मला म्हणाली. मग पदर डोक्यावर घेऊन तिने विचारलं, "मास्तर, आमी यिऊ का फोटूत?"

"या ना. त्या तुटक्या खांबापाशी उभ्या राहा. हलू नका."

म्हातारी उभी राहिली. सून आणि नात शेजारी. सरांनी टोपी काढली. आणि जाळं काढलेलं असल्यामुळे मेंढरं ओट्यावरून खाली निघाली. आधी एक कोकरू, मग त्याच्यामागे सगळी. नात धावली, सून धावली. म्हातारी थोडी थांबली, सरांकडे बघितलं आणि "आरं तिच्या मायला!" म्हणत तीही धावली.

मी म्हणाले, "सर, टोपी घाला. दुसरा कागद लावू."

"राहू द्या," सर म्हणाले. "लेणं येतंय."

त्या दिवशी त्यांनी दुसरा कागद लावला नाही. परत येऊन याच प्रयोगशाळेत कागद धुतला, उन्हात छापला. चार खांब, स्वच्छ ओटा, आत काळोख. माणूस नाही, जनावर नाही, चिंधी नाही. सर लहान मुलासारखे नाचायचेच बाकी होते. "बाई, बघा! अथेन्स!"

फोटो खरंच सुरेख होता. नाही कशाला म्हणू?

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो मांडला. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या महसूल खात्यातल्या एका साहेबांना फार आवडला. सरांनी फ्रेम करून, खाली सही आणि तारीख घालून, तो त्यांना भेट दिला. साहेबांनी कचेरीत खुर्चीच्या मागे लावला.

तीनेक वर्षांनी त्या लेण्याला कुंपण घालून बाग करायची योजना आली. जे पूर्वीपासून तिथे राहत असतील त्यांना खाली गावठाणात जागा मिळणार होती. जे नंतर घुसले असतील त्यांना काही नाही, फक्त उठायचं. कुटुंबाकडे कागद नव्हता. रेशनकार्डावर खालच्या गावचा पत्ता होता, कारण लेण्याला पत्ता नसतो. चौकशी त्याच साहेबांपुढे होती. म्हातारीने सांगितलं, माझ्या सासऱ्यापासून आमी हितंच हाय. साहेबांनी खुर्ची वळवून भिंतीकडे बोट केलं. फोटोखालच्या तारखेला तिथे कुणी राहत नव्हतं, हे कॉलेजच्या इतिहासाच्या प्राध्यापकाच्या सहीनिशी टांगलेलं होतं.

सुनेने जुन्नरला येऊन सरांना हे सांगितलं तेव्हा मी समोर होते. ती ओरडली नाही. "सर, तुमी कशापायी आसं केलं?" एवढंच विचारलं. सर खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसू लागले.

पुढच्या तारखेला सर अल्बम बगलेत मारून कचेरीत गेले. मीही गेले. मी सांगायला तयार होते की मी त्या दिवशी तिथे होते, तिच्या चुलीवरचा चहा प्यायले. साहेब म्हणाले, आज फक्त कागदपत्रं बघणार, तोंडी जबाब नाही. सरांना मात्र बोलू दिलं, कारण फोटो त्यांचा होता.

सरांनी अल्बम उघडला. "साहेब, हे अथेन्स शहर. इथे हजारो माणसं राहत होती. एक तरी दिसतंय का?"

"मग सुट्टीचा दिवस असेल."

"नाही हो. ती हलत होती. फोटो खोटा नाही, फोटो मंद आहे."

मागे बसलेला कारकून फिसकन हसला.

"हे बघा." सरांनी भिंतीवरची फ्रेम खाली उतरवली आणि तुटक्या खांबाच्या डाव्या अंगाला काळं बोट ठेवलं. तिथे धुरासारखं काहीतरी होतं, बोटभर उंचीचं. "ही म्हातारी. थोडी थांबली होती, मग धावली. म्हणून एवढीच आली."

साहेबांनी चष्मा वर करून बघितलं. "सर, हा डाग आहे."

"डाग नाही. म्हातारी आहे."

"सर, तुम्ही इतिहास शिकवता की माझी परीक्षा घेता? फोटो तुम्हीच काढला ना?"

"मीच."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग आणखी काय पाहिजे?"

सर तरी थांबले नाहीत. ते बुरुजावर गेले, मशिदीवर गेले, विद्वानांनी टेकडी कशी झाडून काढली त्यावर गेले. आणि तिथे वाक्य अर्धवट सोडलं. मला वाटलं, घसा कोरडा पडला. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. अल्बम मिटला आणि जाळं-बाज मीच काढायला लावली, असं ते जमिनीकडे बघून म्हणाले. कारकुनाने ते लिहून घेतलं नाही.

पावसाळ्याआधी कुटुंब उठवलं. मेंढरं विकली. मुलगा पेठेला, नाशिक रस्त्यावरच्या एका ढाब्यावर भांडी घासायला लागला. ढाब्यामागे पत्र्याची खोली, त्यात चौघं. सर महिन्यातून एकदा एसटीने पेठेला जायचे. एकदा मीही गेले. म्हातारी खोलीबाहेर पोत्यावर बसली होती. समोरून ट्रक जात होते आणि ती प्रत्येक ट्रकबरोबर मान फिरवत होती.

सरांनी पेटी नेली होती. म्हणाले, "आजी, एक फोटो काढू या. नीट बसून. साहेबांना दाखवू."

म्हातारीने पेटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मास्तर, तवा हलले म्हून न्हाई आले व्हय मी? आता मेल्यावं काढा. तवा हलायची न्हाई."

सुनेने "आत्या, आसं नगा बोलू" म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेली. सरांनी पेटी उघडली नाही. चहा आम्ही प्यायलो.

म्हातारी पुढच्या थंडीत गेली. सरांना कुणी कळवलं नाही. ते ठरल्याप्रमाणे एसटीने गेले तेव्हा दहावाही उरकला होता. त्यानंतर त्यांनी नवीन फोटो काढला नाही. जुन्याच निगेटिव्हवरून तो धुरासारखा डाग अधिक गडद यावा म्हणून ते पुन्हा पुन्हा छापत बसायचे. कधी कागद बदलून, कधी उन्हात जास्त ठेवून. मी सांगितलं, कागदावर जे उतरलंच नाही ते छापून येत नाही. "रसायनशास्त्राला माहीत आहे तेवढंच तुम्ही बोलता, बाई," ते म्हणाले. मी तेवढंच बोलते हे खरं आहे.

ते पिठाच्या गिरणीच्या वर भाड्याच्या खोलीत राहत. जानेवारीत एका सकाळी गिरणीत वरून पाणी ठिबकायला लागलं. गिरणीवाला शिव्या देत वर गेला. सर मोरीपाशी पडले होते, नळ चालू होता, तबकडीतला कागद पाण्याबरोबर वाहून जाळीला अडकला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. गिरणीवाल्याने मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बाई, चार पोती गहू भिजला वो." घाबरलेला माणूस कशाबद्दलही बोलतो.

तर आज हे कपाट. दुपारी शेवटचा कप्पा काढत होते, तेवढ्यात सून आली. त्यांनी वरच्या कचेरीत अपील केलं होतं. उद्या त्याची तारीख, इथेच जुन्नरला. सर गेल्याचं तिला कळलेलं होतं, तरी आली.

"सर आस्ते तर बोलले आस्ते," ती म्हणाली.

"सर बोलले असते म्हणून तर भीती होती."

ती हसली, मग तोंडाला पदर लावला. नव्या साहेबांनी तो फोटो फाइलीत लावून घेतला आहे, असं तिने सांगितलं. "त्ये म्हणत्यात, फोटूत न्हाई तर व्हता कशावरून? मॅडम, आमी काय हवा व्हतो का?"

मी तिला उद्या सकाळी लवकर येऊन कचेरीच्या पायरीवर बसायला सांगितलं. ती गेल्यावर शेवटचा कप्पा बघितला. काळ्या कागदात गुंडाळलेले, आयोडीनचा थर दिलेले फिकट पिवळे कागद होते. हे असे अंधारात ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात. वापरायच्या आधी चांदीचं द्रावण लावलं की झालं. द्रावण मी इतकी वर्षं सरांना करून देत होते. कपाट आवरायचं तसंच ठेवलं.

१० मार्च. सकाळी हातमोजे घालून कागद तयार केला, पेटी रिक्षात घातली आणि कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीपाशी तिकाटणं उभं केलं. दाखल्यांचा दिवस होता. फाटकातून माणसं आत-बाहेर करत होती, रांग पुढे सरकत होती, वकील, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, मोटारसायकली लावून आत पळणारे. शिपाई रस्ता ओलांडून आला.

"मॅडम, काय चाललंय?"

"प्रॅक्टिकल."

टपरीवाल्याच्या हातात माझा मोबाइल दिला. "भाऊ, मी टोपी काढली की एक फोटो काढ, आणि मग टोपी घालेपर्यंत काढत राहा. सगळी कचेरी आली पाहिजे."

"लई सोपंय," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकांना थांबवून काढत राहिला.

मी टोपी काढली. थांबले. त्याचा एक चहा उकळून, गाळून झाला. टोपी घातली.

प्रयोगशाळेत खिडक्या बंद करून कागद धुतला. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं येतं. सवय असली की वाचता येतं. फाटक आलं होतं. पाटी आली होती, कडुनिंबाचा बुंधा आला होता. मोटारसायकली ओळीने आल्या होत्या, आरशांसकट. माणूस एकही नव्हता. मोबाइलवरच्या चित्रांत त्याच फाटकात पाय ठेवायला जागा नव्हती.

मग पायरीकडे बघितलं. तिथे एक बाई होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, डोक्यावरून पदर. चेहरा पुसट, पण बाई म्हणून स्पष्ट.

टिपकागदात धरून तो ओला कागद घेऊन मी कचेरीत पोचले. सून तिथेच, त्याच पायरीवर होती. मी तिला मोबाइल दाखवला, मग कागद दाखवला. ती दोन्हीकडे आळीपाळीने बघत राहिली.

"आन ही कोण बसलीया?"

"तू."

"मी तर सकाळधरनं हितनं उठलेच न्हाई, मॅडम. तुमीच बस म्हणला ना."

आतून शिपायाने तिच्या सासूचं नाव पुकारलं. अर्ज अजून तिच्याच नावावर होता. सून उठली, पदर सारखा केला. दोन्ही चित्रं घेऊन मी तिच्यामागून आत गेले आणि साहेबांनी विचारायच्या आधीच टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.